गुडघा दुखतोय, मग व्यायाम मांडीचे कशाला?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ६२ आहे, दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय, एक्स-रेवर 'ग्रेड ३' असा शेरा आहे. दुखतो गुडघा आणि फिजिओथेरपिस्टने दिले ते सगळे व्यायाम मांडीचे. आईंचा त्यावर विश्वास बसेना, आठ दिवसांत त्यांनी ते सोडून दिले. याचा खरंच उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय.

होतो. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, सोळा वर्षं हेच काम करते, आणि माझ्याकडे गुडघे घेऊन येणाऱ्यांत बायकाच जास्त. पण का होतो हे पटल्याशिवाय कुणी रोज पाय दाबत बसणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी त्या ग्रेडबद्दल. ही ० ते ४ अशी प्रतवारी केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी १९५७ साली मांडली. त्यात हाडांमधली जागा किती उरली, कडेला हाड किती वाढलं हे बघतात. एक्स-रेत स्नायू असा दिसतच नाही. म्हणून ग्रेड ३ च्याच दोघी जणी माझ्यासमोर येतात. एक भाजीची पिशवी घेऊन दोन मजले चढून आलेली असते, आणि दुसरीला खाटेवरून उठायला सुनेचा हात लागतो. 'वंगण संपलं', 'गॅप गेली' एवढंच ऐकून घरी गेलेल्या बाईला हा फरक कुणी सांगितलेलाच नसतो. तो फरक बऱ्याचदा मांडीत असतो.

मांडीच्या पुढच्या बाजूला जो मोठा स्नायू आहे, त्याचे चार भाग आहेत. चारही खाली येऊन गुडघ्याच्या वाटीला धरतात आणि तिथून जाड दोरीसारखे नडगीच्या हाडाला जोडले जातात. पाय सरळ करणं हे त्याचं काम आपल्याला माहीत असतं. पण जिना उतरताना तो काय करतो ते बघा. एक पाऊल खालच्या पायरीवर जात असतं तेव्हा वरच्या पायाची मांडी अख्खं शरीर हळूहळू खाली सोडत असते, म्हणजे ब्रेक लावत असते. बर्लिनच्या संशोधकांनी सेन्सर असलेले कृत्रिम गुडघे रुग्णांना बसवून हा भार मोजला. सपाट चालताना सांध्यावर वजनाच्या साधारण अडीच पट आणि जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट भार येत होता. मांडी कमजोर असेल तर ब्रेक नीट लागत नाही, पाऊल धपकन पडतं आणि तो धक्का सांधा खातो. आई जिना कठडा धरून, आडव्या होऊन, एकेक पायरीवर दोन्ही पाय ठेवत उतरतात का, ते बघा.

आता मुख्य गोष्ट. गुडघ्याला सूज आली, आत पाणी झालं, की मज्जारज्जूच्या पातळीवरच मांडीला जाणारा संदेश कमी होतो. याला इच्छाशक्ती लागत नाही की आळस लागत नाही, ते आपोआप घडतं. धडधाकट माणसाच्या गुडघ्यात थोडं सलाईन सोडलं तरी मांडीचा स्नायू सैल पडतो, इतकं ते ठरलेलं आहे. म्हणजे गुडघा दुखतो म्हणून मांडी झोपते, मांडी झोपते म्हणून गुडघ्यावर भार वाढतो आणि तो आणखी दुखतो.

यात कमजोरी आधी की झीज आधी? १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात वयस्कर लोकांचे गुडघे तपासले, तेव्हा झीज असूनही ज्यांना दुखत नव्हतं आणि ज्यांचा स्नायू वाळलेलाही नव्हता, अशांचीसुद्धा मांडीची ताकद कमी निघाली. पुढे ज्या बायकांच्या गुडघ्यांत नव्याने झीज दिसली, त्यांची मांडी वजनाच्या मानाने आधीपासूनच कमजोर होती.

म्हणूनच नुसती जाड मांडी बघून फसू नका. सोनोग्राफीत निरोगी स्नायू काळसर दिसतो, त्यात तिरक्या, बारीक पांढऱ्या रेषा असतात. त्या रेषांचा तिरपेपणा, त्यांची लांबी, स्नायूची जाडी यांवरून स्नायू किती जोर लावू शकेल याचा अंदाज येतो. वापर कमी झालेल्या स्नायूत चरबी आणि तंतू वाढतात, आणि तोच स्नायू पडद्यावर राखाडी दिसू लागतो. मटणाच्या तुकड्यात चरबीच्या पांढऱ्या रेघा असतात ना, तसं. बाहेरून माप तेच, आत काम करणारा भाग कमी. त्यातून पटकन जोर लावणारे तंतू वयानुसार आधी बारीक होतात. ठेच लागल्यावर सावरायला नेमके तेच लागतात.

बायकांच्या बाबतीत मुळातच स्नायूंचा साठा पुरुषांपेक्षा कमी असतो आणि पाळी गेल्यावर तो आणखी घटतो. शिवाय एक गैरसमज, जो मी माझ्याच घरात ऐकला. माझी आई म्हणायची, "दिवसभर उभीच तर असते मी, आणखी कसला व्यायाम?" एकदा जेवण झाल्यावर ती खुर्चीतून उठताना मी नीट पाहिलं. दोन्ही तळहात टेबलावर दाबून, उजवा पाय पुढे सरकवून, सगळं वजन डाव्यावर घेऊन ती उठली. दिवसातून चाळीस वेळा ती अशीच उठत असणार. शिवणाची टेप आणून वाटीच्या १० सेंटिमीटर वर मांडी मोजली, तर उजवी दोन सेंटिमीटरने बारीक. घरकामाने ती दमत होती, पण उजव्या मांडीला काम मिळतच नव्हतं. मी इतर बायकांना वर्षानुवर्षं हे शिकवत होते आणि घरातलं मला दिसलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

सुरुवात अगदी साधी. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबून मांडी आवळायची, पाच सेकंद धरायचं, दहा वेळा. यातून स्नायू लगेच वाढत नाही, त्याला परत जाग येते. मग खुर्चीतून हात न टेकता उठणं. जमत नसेल तर बैठकीवर दोन उशा ठेवा, आठवड्या-दोन आठवड्यांनी एक काढा. नंतर घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधून, खुर्चीत बसून पाय सरळ करणं, आणि सगळ्यात बुटक्या पायरीवर चढ-उतार. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणंही त्यात हवं, कारण कंबरेच्या बाजूचा स्नायू ढिला असेल तर चालताना तोल कलंडतो.

बहुतेकांचं इथेच चुकतं: तीन महिने तेच दहा वेळा, तेच वजन. शेवटचे दोन-तीन वेळा जड गेले पाहिजेत, नाहीतर वजन वाढवा. एक दिवसाआड केलं तरी चालतं. करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं तर घाबरू नका. सूज आली तर दोन पावलं मागे या. पहिले काही आठवडे जो फरक जाणवतो तो संदेश सुधारल्याचा असतो, स्नायू भरायला दोनेक महिने जातात. म्हणून आठ दिवसांत काही झालं नाही हे आईंचं म्हणणं खरंच आहे, तेवढ्यात होतच नाही.

तेल लावून बरं वाटत असेल तर जरूर लावा. वजन जास्त असेल तर कमी केलेला प्रत्येक किलो दर पावलाला गुडघ्यावरचे साधारण चार किलो उतरवतो. गुडघा लाल, गरम झाला, ताप आला किंवा सांधा अडकून बसायला लागला, तर मात्र व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा.

उद्या ऑपरेशन करायची वेळ आलीच तरी ही मेहनत वाया जात नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीची ताकद निम्म्याहून जास्त उतरते. जिची आधी चांगली असते ती वर्षभराने जास्त चांगली चालते.

आईंना भिंतीला टेकवलेल्या, साधारण १७ इंच उंचीच्या खुर्चीवर बसवा. हात छातीवर घडी करून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या बायकांसाठी अमेरिकेत ठरवलेला नेहमीचा आकडा १२ ते १७ आहे. आईंचा कितीही येवो, एकदाही न जमो, तो तारखेसह लिहून ठेवा आणि इथे खाली कळवा. उंच खुर्चीपासून सुरू करायचं की टॉवेलपासून, ते त्यावरून सांगते.