समाजमाध्यमांमुळे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे लेखन बिघडते का?

तुमचा मुलगा दिवसभर मोबाइलवर काही ना काही लिहीत असतो, मात्र परीक्षेत त्याला दहा ओळींचे सलग उत्तर लिहिता येत नाही. याचा दोष समाजमाध्यमांना द्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. मी पदवीच्या वर्गांना मराठी शिकवतो. माझ्या मते दोष द्यावा, पण तो शुद्धलेखनासाठी नव्हे.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून होत आल्या आहेत. लिपीचा प्रश्न मात्र खरा आहे. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरे १६० मावत. देवनागरीत लिहिले की ती मर्यादा ७० वर येई आणि त्यात काना, मात्रा, वेलांटीसुद्धा स्वतंत्र मोजली जात. मराठी रोमन लिपीत लिहिण्याच्या सवयीला यामुळे बळ मिळाले आणि ही अडचण दूर झाल्यावरही ती सवय व्हॉट्सॲपवर टिकून राहिली. रोमन लिपीत ‘काल’, ‘काळ’, ‘कल’ आणि ‘कळ’ हे चारही शब्द बहुधा एकसारखेच लिहिले जातात, आणि वाचणाऱ्याला संदर्भावरून अर्थ लागतो म्हणून ते खपून जाते. हाती पेन आल्यावर मात्र ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्यापाशी मुले अडखळतात. देवनागरीत टंकणाऱ्यांनाही ‘दऱ्या’मधला ‘ऱ्य’ कळफलकावर चटकन सापडत नाही, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो, म्हणजे समुद्र. या चुका दाखवून दिल्या, सराव करून घेतला, की महिन्या-दोन महिन्यांत बऱ्याच कमी होतात.

याहून अवघड गोष्ट वाक्यावाक्यांतल्या दुव्यांची आहे. मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला गावातील एसटी सेवेवर लिहायला सांगितले, तेव्हा एका विद्यार्थिनीने लिहिले : ‘एसटी वेळेवर येत नाही. खूप त्रास होतो. सरकारने लक्ष द्यावे.’ याच विद्यार्थिनीने आदल्या आठवड्यात वर्गाच्या ग्रुपवर सकाळची कोणती फेरी रद्द झाली, त्यामुळे पहिला तास कसा बुडाला, पुढची गाडी भरून का येते, हे सारे तपशीलवार सांगितले होते. तिला माहिती होती, मतही होते. ग्रुपवर मैत्रिणी ‘कोणती गाडी?’, ‘मग तू काय केलेस?’ असे विचारत होत्या आणि ती त्यांना उत्तरे देत होती. कोऱ्या कागदावर विचारणारे कोणी नव्हते. गप्पांमध्ये प्रत्येक ओळीनंतर समोरचा बोलतो, त्यामुळे वाचकाला पुढे कोणती शंका येईल हे स्वतःच ओळखून ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीसुद्धा’ अशा शब्दांनी वाक्ये जोडत नेण्याची गरज लिहिणाऱ्याला भासत नाही, आणि वर्षानुवर्षे तेवढेच लिहिले की ती क्षमता वाढायची राहून जाते.

म्हणून मुलाचा मोबाइल काढून घेऊ नका. त्याने एखाद्या विषयावर मित्रांशी घातलेला वाद त्यालाच कागदावर उतरवायला सांगा. मित्रांचे प्रश्न गाळायचे, पण त्यांची उत्तरे सलग परिच्छेदात आली पाहिजेत. त्या विद्यार्थिनीकडून मी हेच तीन वेळा लिहून घेतले. पहिल्या मसुद्यात जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘आणि’ने जोडलेले होते, तिसऱ्यात रद्द झालेल्या फेरीनंतर एक ‘तरीसुद्धा’ आले, आणि ते अगदी योग्य जागी होते.