विमा आहे, तरी नोंदणी अडली

प्रश्न : नव्या ट्रकची पॉलिसी जोडूनही नोंदणीचा अर्ज परत आला. असे का?

उत्तर : बहुधा पॉलिसी आणि गाडीचे कागद जुळत नसावेत. आधी चासी क्रमांक अक्षर न अक्षर पडताळा. हाच १७ अक्षरी वाहन ओळख क्रमांक असतो; त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरे नसतातच. 'ओ' दिसला तर तिथे शून्य हवा. ट्रकसाठी एकूण भारित वजन, म्हणजे गाडी अधिक माल, लिहिलेले असावे. अनेकदा नुसते मालाचे वजन पडते. बसला आसनसंख्या पाहा, चालक धरून की वगळून. वापर 'खासगी' नोंदला असेल तर लगेच बदला, कारण अपघातानंतर दावाच नाकारला जाऊ शकतो. पेनाने खाडाखोड नको. विमा कंपनीकडून एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या दुरुस्तीची अधिकृत लेखी नोंद, घ्या.