वाचकांचे प्रश्न: मोटारीच्या खोलीतला पिक्चर

प्रश्न: भाऊ नमस्कार. माझा मुलगा बारावीत आहे, सतरा पूर्ण झाले त्याले. मागच्या महिन्यात संत्र्याच्या बगीच्यात ओलीत सुरू होतं, मी डबा घेऊन गेली तं मोटारीच्या खोलीत चार पोट्टे एका मोबाइलवर डोके घालून बसले होते, अन् इतके हासून राहिले होते का मी दारात येऊन उभी आहे हे बी त्यायले समजलं नाही. मी मोबाइल हिसकला. इंग्रजी पिक्चर, खाली अक्षरं येत होते, नाव सुपरबॅड. जे दोन मिनिटं पाहिलं ते सांगायलेबी लाज वाटते. रात्री त्याच्या बाबानं त्याच्या कानाखाली दिली. आता पंधरा दिवस झाले, पोरगं घरात कोणाशीच बोलत नाही, जेवते अन् उठून जाते. त्याचा पहिलीपासूनचा एक दोस्त आहे, एकाच बाकावर बसत आले दोघं, तो परीक्षा झाली का पुण्याले मामाकडे चालला, तो बी आता आमच्या घरी येत नाही. चार वेळा पाहिला म्हणे त्यायनं हा पिक्चर. असं काय आहे त्याच्यात? माझं पोरगं बिघडलं का?
– एक आई, अंजनगाव सुर्जी तालुका

उत्तर: ताई, बिघडलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पत्रावरून वाटते की पंधरा दिवस तुम्ही पण नीट झोपलेल्या नाही.

तुमचं पत्र आल्यावर मी तो पिक्चर पूर्ण पाहिला. पहिल्यांदा पाहताना मलाही दोन-तीन ठिकाणी बंद करावासा वाटला, शिव्या आहेत, दारू आहे, आणि पोरींबद्दल पोट्टे आपसात जे बोलतात ते घरात कोणी बोलणार नाही. अमेरिकेत सुद्धा त्याला असं सर्टिफिकेट आहे की सतराच्या आतल्या पोराला थेटरात सोबत आईबाप किंवा मोठं माणूस असल्याशिवाय घेत नाहीत. त्यामुळे तुम्हाला राग आला त्यात तुमचं काही चुकलं नाही.

पण दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा गोष्ट दिसली, तीच तुम्हाला सांगायची आहे. दोन दोस्त आहेत, सेथ आणि इव्हन, शाळा संपून राहिली. एकाला मोठ्या कॉलेजात अॅडमिशन मिळाली, दुसऱ्याला तिथं मिळाली नाही, म्हणजे आता दोघं वेगळे होणार. आणि हे त्यांना बोलताच येत नाही. मग अख्खी रात्र ते एका पार्टीसाठी दारूच्या बाटल्या जमवत फिरतात, तिसरा एक दोस्त खोटं ओळखपत्र करून आणतो, पोलिस मागे लागतात, मार खातात, धावतात, आणि तोंडात सारखी पोरींचीच भाषा. पण शेवटी पार्टी झाल्यावर ते दोघं जमिनीवर अंथरुणात शेजारी शेजारी पडून एकमेकाला सांगतात की माझा तुझ्यावर लय जीव आहे. इतकंच. दोन तासाचा धिंगाणा या एका वाक्यासाठी चाललेला असतो. दुसऱ्या दिवशी बाजारात सरकत्या जिन्यावरून एक खाली जातो आणि एक वरती उभा राहून पाहत राहतो, तिथं पिक्चर संपतो.

आता ताई, तुमचंच पत्र परत वाचा. पिक्चरबद्दल किती लिहिलं तुम्ही, आणि दोस्ताबद्दल एकच वाक्य, पुण्याला चालला म्हणून. मी त्या वाक्यावर थांबलो. चार वेळा पाहिला म्हणता ना, घाण पाहायची असती तर त्याच मोबाइलवर त्याहून घाण एका बोटावर आहे, आणि ती पाहायला कोणी चार जण गोळा करत नाही. पहिलीपासून एका बाकावर बसलेले दोन पोट्टे, त्यातला एक जूनमध्ये गाडीत बसणार, दुसरा बगीच्यात राहणार, आणि आपल्या गावात पोट्टा पोट्ट्याला जाऊ नको म्हणू शकत नाही, म्हटलं तर बाकीचे हसतात. मग ते हा पिक्चर पाहतात.

हा पिक्चर २००७ चा. सेथ रोजन आणि इव्हन गोल्डबर्ग या दोघांनी तो लिहिला, हे दोघं शाळेतले दोस्त आणि लिहायला सुरुवात केली तेव्हा तेरा वर्षांचे होते. पिक्चरमधल्या दोन पोट्ट्यांना त्यांनी स्वतःचीच नावं दिली. म्हणून त्यातली बडबड मोठ्या माणसानं बसून बनवल्यासारखी वाटत नाही, आपल्या पारावर संध्याकाळी ऐकू येते तशीच आहे, फक्त भाषा वेगळी. आणि अजून एक सांगतो, खास तुम्हाला. तो खोटं ओळखपत्र आणणारा पोट्टा शूटिंगच्या वेळी सतरा वर्षांचा होता, तुमच्या मुलाएवढाच, म्हणून त्याचा जो एक बेडरूममधला सीन आहे त्या वेळी कायद्यानं त्याच्या आईला सेटवर हजर राहावं लागलं. मला ही गोष्ट फार जवळची वाटली.

असे पिक्चर पोरांना का आवडतात, तर या वयात प्रत्येकाला वाटते की हे फक्त आपल्यालाच होऊन राहिलं. आवाज फाटतो, मिसरूड फुटते, रात्री झोपेत जे होते त्यानं पोरगं घाबरते आणि सकाळी गुपचूप चादर धुते, आणि यातलं एक अक्षर त्याला कोणी सांगितलेलं नसते. २००७ साली आपल्या राज्यानं शाळेतल्या लैंगिक शिक्षणाला नाही म्हटलं होतं, योगायोगानं तेच साल. आजही दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये प्रजननाचा धडा आहे पण कितीतरी वर्गांत तो घरी वाचून घ्या म्हणून पुढं ढकलला जातो. मग चौघं एकत्र बसून असा पिक्चर पाहतात आणि सगळे एकाच जागी हसतात, त्या हसण्यात कळते की अरे, बाकी तिघांनाही काही माहीत नाही, बाकी तिघंही घाबरलेलेच आहेत. ब्लू फिल्ममध्ये कोणी घाबरत नाही, कोणाचं काही चुकत नाही, तिथं पाहणारा एकटाच कमी पडते. इथं सगळ्यांचंच सगळं चुकते. हा फरक मोठा आहे ताई, मोबाइल हिसकताना तो दिसत नाही, पण आहे.

मी चौदा वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट आहे. बहिरमच्या जत्रेत टुरिंग टॉकीज यायची, ताडपत्रीचा तंबू, खाली सतरंजी नाहीतर धसकटावरच बसायचं. दादा कोंडकेंचा पिक्चर लागला होता. लागोपाठ नऊ पिक्चर ज्यांचे पंचवीस आठवडे चालले ते दादा, त्यांच्या एका वाक्याचे दोन अर्थ असतात हे शाळेतल्या पोट्ट्यांना पाठ होतं. घरी सांगितलं आकाशपाळण्यात बसायला चाललो आणि घुसलो तंबूत. एक डायलॉग आला, अख्खा तंबू हसला, आणि त्या हसण्यात मला एक आवाज ओळखू आला. दोन रांगा पुढं माझे बाबा बसले होते. घरी मी त्यांना कधी असं हसताना ऐकलं नव्हतं, पोटातून, डोक्यावरचा गमछा सावरत. मी आधी खाली वाकलो, मग पुढच्या डायलॉगला मीही हसलो, आणि त्यांनी मान वळवून मागं पाहिलं. बाहेर निघाल्यावर ते काही बोलले नाही. हंडीच्या मटणाकडे घेऊन गेले, रोडगा स्वतःच्या हातानं माझ्या ताटात कुस्करला, त्यावर रस्सा ओतला आणि म्हणाले, खा, गार होते. त्या दिवसापासून मी त्यांना घाबरायचं कमी केलं आणि काही विचारायचं असलं की विचारायला लागलो.

म्हणून माझं सांगणं पिक्चरबद्दल कमी आणि त्याच्या बाबांबद्दल जास्त आहे. कानाखाली दिली ते चुकलं एवढं त्यांनी मुलाला सांगावं, लांबड लावू नये, ओलिताला दोघं सोबत गेले की तिथंच सांगावं, समोरासमोर बसून नाही. जमत नसेल बोलणं तरी चालते. अमेरिकेतलाच १९९९ चा अमेरिकन पाय नावाचा असाच चावट पिक्चर आहे, त्यात एक बाप आहे, त्याला या विषयावर धड बोलता येत नाही, उदाहरणं भलतीच देतो, पोरगं लाजून जमिनीत जाते, पण तो बाप परत परत पोराच्या खोलीत येतो. त्या पिक्चरमधला बाकीचा चावटपणा मी विसरलो, तो बाप नाही विसरलो.

आणि त्या दोस्ताला जेवायला बोलवा. त्याच्या आवडीचं करा, पिक्चरचं नाव काढू नका. पुढं कधी मुलगा मोकळा झाला की एक गोष्ट मात्र जरूर बोला. सुपरबॅडमध्ये रात्रभर एवढी बडाई मारून जेव्हा खरी वेळ येते तेव्हा एका पोराला दिसते की समोरची पोरगी दारूत शुद्धीवर नाही, आणि तो मागं सरकते. दुसऱ्याच्या बाबतीत पोरगी शुद्धीत आहे, तोच प्यालेला आहे, आणि ती त्याला नाही म्हणते. तो मागं का सरकला आणि ती नाही का म्हणाली, एवढंच मुलाला विचारा आणि त्याला उत्तर देऊ द्या. शरीराबद्दलचे प्रश्न असतील तर सरकारी दवाखान्यात मैत्री क्लिनिक म्हणून १० ते १९ वयाच्या पोरापोरींसाठी सोय असते, तिथं त्याला एकट्याला जाऊ द्या, तुम्ही बाहेर बाकावर बसा.

प्रश्न: आपल्या मासिकात मागील अंकापासून किशोरवयीनांच्या चावट चित्रपटांबाबत पत्रे छापली जात आहेत. मी ३४ वर्षे शिक्षक होतो. प्रश्नोत्तराचे सदर शेती, आरोग्य, कायदा यासाठी असावे. हे थांबवावे.
– निवृत्त मुख्याध्यापक, सिंदेवाही

उत्तर: सर, तुमच्या ३४ वर्षांबद्दल मनापासून आदर आहे, पण थांबवणार नाही. मराठीत र. धों. कर्व्यांनी १९२७ साली समाजस्वास्थ्य मासिक काढलं, त्यात वाचक लैंगिक प्रश्न विचारायचे आणि ते उत्तरं द्यायचे, आणि त्या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, २०० रुपये दंड झाला, तरी कर्व्यांनी १९५३ मध्ये मरेपर्यंत मासिक बंद केलं नाही. आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग तारुण्यभान शिबिरांत पोरापोरींसमोर उभं राहून हेच सगळं साध्या मराठीत सांगतात. शरीराचा प्रश्न आरोग्याचाच आहे, सर. तुमच्या वर्गात तो धडा तुम्ही कसा शिकवला हे लिहून पाठवलं तर पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापीन, आणि शिकवता आला नसेल तर काहून नाही आला ते पण लिहा, नवीन शिक्षकांना त्याचा जास्त उपयोग होईल.

प्रश्न: भाऊ मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलवर आम्ही सहा जणींनी बालक-पालक पाहिला, मी सगळ्यात जास्त हासली. नंतर एक मैत्रीण म्हणे तू काहून इतकी हासली, पोरींनी असं हासू नये. तेव्हापासून मनात राहून गेलं. मुलींनी असे पिक्चर पाहणं वाईट आहे का? अन् सगळे पिक्चर पोट्ट्यायचेच काहून असतात?
– एक वाचक, दिग्रस

उत्तर: बाई, हासली ते चांगलं केलं. रवी जाधवांचा तो पिक्चर २०१३ चा, ऐंशीच्या दशकातली चाळ आहे त्यात, एका ताईनं शेण खाल्लं असं मोठे लोक कुजबुजतात आणि शेण खाल्लं म्हणजे नेमकं काय केलं हे शोधायला पोरं भाड्याच्या व्हीसीआरपर्यंत जाऊन पोचतात. आणि ती नुसते पोट्टे नाहीत, त्यात पोरी पण आहेत, त्यांनाही तेच विचारायचं असते. पोरींना प्रश्न पडत नाहीत असं तुझ्या मैत्रिणीला कोणीतरी शिकवलं, तिच्यावर रागावू नको.

पण तुझं दुसरं म्हणणं खरं आहे. असे बहुतेक पिक्चर पोट्ट्यांच्या डोळ्यांनी पाहतात, आणि मराठीत गेल्या काही वर्षांत जे निघाले त्यातल्या बऱ्याच पिक्चरमध्ये पोरगी म्हणजे नुसतं शरीर, तिला ना भीती ना प्रश्न. मी असा पिक्चर पाहताना एकच पाहतो की हसू कोणावर आलं. पोट्ट्याच्या अडाणीपणावर आलं तर मी पण खदखदून हसतो, पोरीच्या अंगावर आलं की मला तिथं बसवत नाही. तुझ्या होस्टेलवरच्या सहा जणींनी हे आपसात बोलून पाहावं, तुम्हाला कुठं हसू आलं आणि कुठं अंग चोरून बसावंसं वाटलं, दोन्ही आठवतील.

आणि पोरींनी असं हासू नये म्हणतात ना, तर हळदीच्या रात्री माणसं बाहेर गेल्यावर आपल्या आज्या विहिणीला काय काय गाणी म्हणतात ते तू ऐकलंच असशील. माझ्या मोठ्या आईची गाणी मी दाराआडून ऐकली आहेत, त्यात व्याह्याचं धोतर सुटते आणि विहीण त्याला शोधत गावभर फिरते, आणि म्हणणाऱ्या सगळ्या सत्तरीच्या, डोक्यावरून पदर, एकमेकीच्या पाठीवर थापा मारत हसत असायच्या. ही गाणी वहीत कोणी लिहून ठेवली नाहीत, त्या म्हाताऱ्यांसोबत चालली. तुझ्या घरी आजी असेल तर दिवाळीच्या सुट्टीत तिच्याजवळ बसून विचार, पहिल्यांदा लाजेल, मग एक कडवं म्हणेल. जितकं म्हणेल तितकं लिहून इकडे पाठव.