दोन ॲक्सलचा ट्रेलर लेव्हल करताना एका बाजूची दोन्ही चाकं एकत्र उचला

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. एका ॲक्सलचा (म्हणजे चाकांची एकच जोडी असलेला) राहायचा ट्रेलर सोडून तुम्ही दोन ॲक्सलचा घेतलात. सखल बाजूच्या मागच्या चाकाखाली फळी घातली, तरी पाणसळीचा बुडबुडा मध्यावर येईना. मग उरलेली कसर मागच्या कोपऱ्यातला टेकू फिरवून भरून काढली, आणि आता दार चौकटीत घासतंय. शिवाय ते चाकाखाली घालायचे कमानदार प्लास्टिकचे लेव्हलर घ्यावेत का, हेही विचारलंत. दाराचं आधी सांगतो, कारण ते आजच करायचं काम आहे: चाकांना चॉक (चाक घरंगळू नये म्हणून लावायच्या पाचरी) घट्ट आहेत ना ते बघा आणि तो टेकू सैल करा.

कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर म्हणजे नुसते टेकू. आत माणसं फिरताना ट्रेलर डुगडुगू नये एवढंच त्यांचं काम. ट्रेलरचं वजन घ्यायच्या जागा ठरलेल्या आहेत, चाकं आणि पुढचा जॅक. चासीचं मागचं टोक ॲक्सलपासून लांब असतं. तिथे एकाच कोपऱ्याला खालून रेटलं की चासीला पीळ बसतो, आणि तो सगळ्यात आधी दिसतो दाराच्या चौकटीत. पुढे खिडक्यांचे सांधे, भिंतींची शिवण, स्लाइड-आउटचे (बाहेर सरकणाऱ्या भागाचे) रूळ यांचा नंबर लागतो. कात्रीसारखा टेकू बराच भार पेलतो असं त्याच्यावर लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. पण टेकू पेलेल हो, चासी त्यासाठी बनवलेली नसते. तुमचं दार टेकू सैल केल्यावर बहुतेक सरळ होईल. नाही झालं तर चासी एकदा जाणकाराला दाखवा, पुढे ढकलू नका.

आता फळीचं. दोन ॲक्सलच्या बहुतेक ट्रेलरांना पाट्यांच्या स्प्रिंगा असतात, आणि पुढच्या पाट्याचं मागचं टोक व मागच्या पाट्याचं पुढचं टोक एका छोट्या लोखंडी तुकड्याला जोडलेलं असतं. त्याला इक्वलायझर म्हणतात. तो मधोमध चासीवर खिळलेला असतो आणि तराजूच्या दांडीसारखा हलतो: एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं. रस्त्यावर खड्डा आला तरी दोन्ही चाकांवर भार सारखा राहावा म्हणून ही योजना. पण हीच योजना तुमच्या फळीचा अर्धा परिणाम खाऊन टाकते. एकाच चाकाखाली ४ सेंटीमीटर घातले तर ट्रेलरची ती बाजू जेमतेम २ सेंटीमीटर उचलली जाते. बुडबुडा म्हणूनच हलला पण पोचला नाही. मग माणूस दुसरी फळी घालतो, तिसरी घालतो, आणि इक्वलायझर त्याच्या टोकाला जाऊन अडकतो. त्यापुढे दुसरं चाक नुसतं लोंबतं आणि त्या बाजूचा सगळा भार एका टायरवर येतो.

तुमच्या ट्रेलरला पाट्यांऐवजी रबराचे टॉर्शन ॲक्सल असतील तर गोष्ट आणखी नाजूक आहे. तिथे इक्वलायझर नाही, प्रत्येक चाक स्वतंत्र. एक उचललंत की भाराची वाटणी करणारं कुणी नाही. उचललेलं चाक पहिल्या सेंटीमीटरपासूनच जास्तीचं वजन घेऊ लागतं. खाली वाकून एकदा बघा: पाटे दिसले नाहीत आणि चौकोनी नळीतून चाकाकडे आडवा हात निघालेला दिसला, तर तो टॉर्शन.

भाराचा हिशोब डोळ्यांपुढे असू द्या. समजा भरलेला ट्रेलर ३००० किलोचा आहे आणि त्यातले ३६० किलो हिचवर, म्हणजे गाडीला जोडायच्या टोकावर, आहेत. चाकांवर उरले २६४०, म्हणजे प्रत्येकी ६६०. अशा ट्रेलरच्या टायरची कमाल क्षमता साधारण ८०० ते १००० किलो असते. एका बाजूचं एकच चाक टेकलं तर त्याच्यावर १३२० किलो येणार, आणि ते रात्रभर. टायर तिथल्या तिथे फुटत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही झालं नाही. आतल्या तारांना बसलेला ताण बाहेरून दिसत नाही.

तेव्हा नियम एकच: एका बाजूची दोन्ही चाकं म्हणजे एक चाक. उचलायची तर दोन्ही, सारख्याच उंचीने.

क्रमही पक्का ठेवा. आधी डावी-उजवी बाजू, तीही ट्रेलर गाडीला जोडलेला असताना, कारण फळीवर चढवायला गाडीच लागते. मग चॉक, मग गाडी सोडवायची, मग पुढे-मागे, आणि टेकू अगदी शेवटी. मात्र या सगळ्याच्या आधी खाली उतरून जागेवर चालून या. दोन-चार पावलं पुढे किंवा मागे घेतल्याने निम्मी चढाई वाचते असं पुष्कळदा होतं, आणि न लावलेली फळी सगळ्यात सुरक्षित.

किती उचलायचं ते अंदाजाने ठरवू नका. डाव्या आणि उजव्या टायरांच्या मध्यांमधलं अंतर एकदा मोजून ठेवा. ते १९० सेंटीमीटर असेल तर १ अंशाच्या कलासाठी ३.३ सेंटीमीटर उचलावं लागतं. म्हणजे ४ सेंटीमीटरची एक फळी सुमारे १.२ अंश देते. हे गणित दारामागे चिकटवून ठेवलं की जागेवर पोचल्यावर पाणसळ बघून सरळ सांगता येतं, एक फळी की दोन. पाणसळीची खात्री तेवढी करून घ्या. ती जमिनीवर ठेवून वाचा, मग त्याच जागी टोकांची अदलाबदल करून पुन्हा वाचा. दोन्ही वाचनं सारखी आली तरच ती खरी. फोन वापरत असाल तर कॅमेऱ्याचा उंचवटा लक्षात ठेवा, त्यानेच अर्धा-एक अंश इकडचा तिकडे होतो. बाहेर चिकटवलेल्या बुडबुड्यांवर आंधळा विश्वास नको. आधी आतली जमीन चांगल्या पाणसळीने समतल करायची आणि त्याच अवस्थेत बाहेरचे बुडबुडे चिकटवायचे.

फळ्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण एका ॲक्सलची सवय इथेच अडचण करते. पद्धती दोन. पहिली, एकच लांब फळी, जिच्यावर दोन्ही चाकं बसतात. दोन ॲक्सलमधलं अंतर ८५ सेंटीमीटर धरलं तर फळी १३० ते १५० सेंटीमीटर हवी. दोन थर लागले तर वरचा थर खालच्यापेक्षा आखूड ठेवायचा आणि टोकं तिरपी तासायची, म्हणजे चाक पायरीपायरीने चढतं. ही पद्धत मला सगळ्यात आवडते. वजन जमिनीवर पसरतं, ओल्या मातीत फळी कमी रुतते आणि दोन्ही चाकांची उंची आपोआप सारखी राहते. तोटा म्हणजे सव्वा-दीड मीटर सरळ मागे यावं लागतं, आणि तेवढी जागा प्रत्येक ठिकाणी नसते.

दुसरी पद्धत, दोन आखूड फळ्या. ट्रेलर मागे घेणार असाल तर एक मागच्या चाकाच्या मागे आणि एक दोन चाकांच्या मधल्या फटीत, म्हणजे पुढच्या चाकाच्या मागे. दोन्ही चाकं एकाच वेळी चढतात आणि अंतर अगदी थोडं कापावं लागतं. मात्र मधली फळी त्या फटीत मावली पाहिजे, आणि टायर गोल असल्यामुळे फळी जितकी जाड तितकी फट आखूड होत जाते. टायरचा व्यास ७० सेंटीमीटर आणि ॲक्सलमधलं अंतर ८५ असेल, तर ४ सेंटीमीटर जाडीच्या फळीला सुमारे ५३ सेंटीमीटर जागा मिळते. ८ सेंटीमीटरच्या थराला फक्त ४१. त्यामुळे ४ सेंटीमीटरच्या फळ्या ४५ ते ५० लांबीच्या कापा. ८ सेंटीमीटर चढायचं असेल तर सरळ लांब फळीकडे वळा. आखूड तुकडा पुरेसा लांब नसला की टायरचा काही भाग बाहेर लटकतो आणि फळीची धार टायरमध्ये रुतते. लांबीत आणि रुंदीत, दोन्हीकडे टायर पूर्ण फळीवर हवा.

कमानदार लेव्हलरचीही अडचण हीच. ते चांगलेच आहेत. हळूहळू चढत जायचं आणि बुडबुडा मध्यावर आला की थांबायचं, फळ्या मोजायची गरज नाही. पण ते आणि त्यांच्या खालची पाचर मिळून दोन चाकांच्या मधल्या फटीत बहुधा मावत नाहीत. बरेचजण पातळ टोकाकडून थोडं कापून घेतात. घ्यायचे असतील तर आधी तुमची फट मोजा, आणि घ्याल तेव्हा जोडीच घ्या. एका चाकाखाली कमान आणि दुसऱ्याखाली लाकूड असं मिश्रण नको. उंची सारखी आहे की नाही ते कळतच नाही. एकात एक बसणारे प्लास्टिकचे ठोकळे दोन ॲक्सलला चालतात, फक्त प्रत्येक चाकाखाली पायरीचा पूर्ण मनोरा लागतो, सुटे ठोकळे एकावर एक रचून नाही. आणि खडी असलेल्या जागेवर त्यांच्याखाली एक सपाट फळी असू द्या.

चढवताना एकजण गाडीत, एकजण बाहेर, दोघांना एकमेकं दिसतील अशा जागी. दोन ॲक्सलचा ट्रेलर तिरपा वळवला की टायर बाजूला घासतात आणि फळी सरकून निसटते, म्हणून फळीवर येताना स्टिअरिंग सरळ. बाहेरच्याने फळी हाताने किंवा पायाने धरायची नाही. हे मी मुद्दाम वेगळं सांगतोय.

चढून झालं की चॉक. पुढच्या चाकाच्या पुढे आणि मागच्या चाकाच्या मागे, दोन्ही बाजूंना. जमिनीवर टेकलेल्या बाजूचे चॉक सर्वांत महत्त्वाचे, कारण फळीवरच्या चाकाला जमिनीवर ठेवलेला चॉक फार खाली पडतो. तिथे चॉक फळीवरच बसला पाहिजे. अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरला सहसा हँडब्रेक नसतो, तेव्हा गाडी सोडवल्यावर त्याला धरून ठेवणारं चॉकशिवाय दुसरं काही नाही. युरोपीय कॅरॅव्हॅनला हँडब्रेक असतो, तरी चॉक लावावेतच. गाडीचा ब्रेक अलगद सोडून ट्रेलरला चॉकवर रेलू द्या, मग कपलर (गाडीच्या बॉलवर बसणारा ट्रेलरचा जोड) उघडा. साखळ्या मात्र कपलर बॉलवरून पूर्ण सुटून ट्रेलर स्थिर उभा राहिल्याचं दिसल्यावरच काढा. वजन वाटणाऱ्या हिचचे बार असतील तर ते आधी, जॅकने पुढचं टोक थोडं वर घेऊन त्यांच्यावरचा ताण गेल्यावर. आणि कपलर सुटला त्या क्षणी जॅक किती उंचीवर होता त्याची खूण करून ठेवा. निघताना तिथेच परत यायचं आहे.

पुढे-मागे लेव्हल करणं सोपं. जॅकपासून दोन ॲक्सलच्या मध्यापर्यंत ४.५ मीटर असतील तर १ अंशाला सुमारे ८ सेंटीमीटर लागतात. जॅकच्या पायाखाली रुंद ठोकळा ठेवा, म्हणजे जॅक कमी उघडावा लागतो आणि कमी डुलतो. जागा पुढे चढती असेल आणि जॅक पूर्ण मिटूनही नाक वरच राहत असेल, तर दोन्ही बाजूंची चारही चाकं सारख्या उंचीने फळ्यांवर घ्यावी लागतात, आणि त्यासाठी पुन्हा गाडी जोडावी लागते. म्हणून चढत्या जागेवर हा विचार गाडी सोडवायच्या आधीच करा.

दोन टायरांमध्ये पसरवून घट्ट बसवायचे एक्स आकाराचे चॉक यानंतर लावा. डुगडुगणं त्यांनी खूपच कमी होतं. फक्त रात्री टायर थंड होऊन किंचित आक्रसले की ते सैल पडतात, सकाळी हात लावून बघायचं. जमिनीवरच्या चॉकची जागा ते घेऊ शकत नाहीत. मग टेकू: जमिनीला टेकल्यावर अर्धा-एक फेरा, बस. टेकू फिरवताना बुडबुडा हलला तर तुम्ही जास्त फिरवलंत. स्लाइड-आउट लेव्हल झाल्याशिवाय उघडू नका. टेकूंच्या आधी की नंतर, ते तुमच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तसंच करा.

किती अचूक हवं, हे फ्रिजवर अवलंबून आहे. कंप्रेसरचा फ्रिज असेल तर झोपताना डोकं खाली जात नाही आणि न्हाणीघरातलं पाणी जाळीकडे वाहतं, एवढं पुरे. गॅसवर चालणारा अवशोषण फ्रिज असेल तर काळजी घ्या. त्यात पंप नसतो, अमोनियाचं द्रावण केवळ उतारावरून परत वाहतं. ट्रेलर तासन्‌तास कललेला राहिला की द्रावण अडतं, तापवायचा भाग कोरडा पडून जास्त तापतो आणि गंज रोखायला मिसळलेलं सोडियम क्रोमेट तिथे साचून नळी बुजवते. ती इजा भरून येत नाही. बऱ्याच फ्रिजांना आडव्या दिशेने ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंशांपर्यंत चालतं, पण हे कोन फ्रिजच्या तोंडाकडे बघून मोजलेले असतात. फ्रिज ट्रेलरच्या बाजूच्या भिंतीला असेल तर त्याची आडवी दिशा म्हणजे ट्रेलरची लांबी. म्हणजे तुम्ही जॅकने जे पुढे-मागे करता, तिथेच मर्यादा कडक आहे. तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत बघून घ्या. चालत्या गाडीत हा त्रास होत नाही, कारण हेलकाव्यांनी द्रावण हलत राहतं.

पाऊस पडून गेला की किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पाणसळ पुन्हा बघा, फळ्या रुतलेल्या असतात. निघताना सगळं उलट्या क्रमाने: टेकू वर, एक्स चॉक बाहेर, जॅक खुणेवर, कपलर आणि साखळ्या जोडून झाल्यावरच जमिनीवरचे चॉक, आणि मग सरळ पुढे घेत फळ्यांवरून उतरायचं. फळ्या उचलताना प्रत्येक पालथी करून चीर गेली आहे का बघा. गेली असेल तर ती जॅकच्या पायाखाली वापरा, चाकाखाली पुन्हा नको.