भेजा पोटात, रोग डोक्यात?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, रविवारी आमच्याकडं मटण आणि कडक भाकरी ठरलेली. वडिलांना बोकडाचा भेजा लागतोच. मुलानं कुठंतरी 'मॅड काऊ' या गाईंच्या मेंदूच्या रोगाचं ऐकलंय, आता आजोबांना ताटाला हात लावू देत नाही. पण खाल्लेलं पोटात जातं, मग रोग मेंदूत कसा पोचतो?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : नोकरीभर जनावरांच्या दवाखान्यात होतो, त्यामुळं प्रश्न आवडला. नातवाचं शंभर टक्के चुकलं नाही.

हा रोग प्रायॉनचा. तो जंतू नाही, विषाणूही नाही. आपल्याच शरीरातल्या एका प्रथिनाची चुकलेली घडी. तुमच्या भागात टॉवेलच्या घड्या घालतात ना? समजा एक घडी उलटी पडली आणि तिला टेकलेला प्रत्येक टॉवेल आपसूक तसाच दुमडला. तसं. शिजवून ती मोडत नाही, पोटातल्या पाचकरसांनाही पुरून उरते.

पोटातून थेट डोक्यात मात्र जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरात रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके असतात, तिथं आधी मुक्काम. तिथल्या काही पेशी बाहेरून आलेलं धरून ठेवतात, त्यांच्यावरच हे साचतं आणि वाढतं. तिथून प्लीहा, टॉन्सिल. गंमत बघा, प्रथिन घरचंच म्हणून शरीर बोंबसुद्धा मारत नाही, ताप नाही की सूज नाही. मग शेजारच्या चेतातंतूंची टोकं सापडतात. एक वाट पोट आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस नसेनं मेंदूच्या देठापर्यंत, दुसरी मणक्यातल्या मज्जारज्जूत. सगळं गोगलगायीच्या चालीनं, वर्षानुवर्षं. पापुआ न्यू गिनीत मृतांचा मेंदू खाण्याच्या प्रथेतून 'कुरू' हा असाच प्रायॉनचा रोग पसरला. प्रथा थांबल्यावरही काहींना तो दशकांनी झाला.

ब्रिटनमध्ये गाईंना मांस-हाडांचा चुरा चारला गेला, त्यातून मॅड काऊ पसरला. १९८६ मध्ये गाईंचा रोग ओळखला गेला, १९९६ मध्ये ते मांस खाणाऱ्या माणसांतला. पुढं तिथं दुसऱ्याचं रक्त चढवल्यानंही काहींना लागण झाली, म्हणजे वाट फक्त ताटातूनच नाही.

आता वडिलांचं ताट. भारतातल्या गाईंत मॅड काऊ आढळलेला नाही. शेळ्यामेंढ्यांचा असाच एक रोग आहे, स्क्रेपी. जनावर अंग घासत राहतं, लोकर उतरते. तो माणसाला लागल्याचं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळं या कारणासाठी भेजा बंद करायला मी सांगणार नाही. पण वडिलांचं कोलेस्टेरॉल शेवटचं कधी तपासलं? भेज्यात ते ठासून भरलेलं असतं.