लेकीचा अर्ज लेकीलाच लिहू द्या

लेस्टरच्या ताई,

सुट्टीत सगळे नागपूरला धरमपेठेच्या घरी जमला आहात, लेकीला ऑक्सफर्डला मेडिसिन करायचंय आणि घरात कुणालाच झोप नाही, हे पत्रावरून कळलं. तुमची धास्ती मला समजते. परदेशात आपण सगळेच मुलांच्या यशावर आपल्या तिथे जाण्याचा हिशोब मांडत आलो.

पण तुमचं एक वाक्य वाचून मी थांबले. ‘आजोबांनी मुद्दे काढले, ह्यांनी लिहिलं, मी इंग्रजी तपासलं, आता तिने फक्त पाठ करायचं राहिलंय.’ अहो, यात पोरगी कुठे आहे?

यूकॅसच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या विद्यापीठांसाठीच्या सामाईक अर्जात आता एक सलग निवेदन नसतं, तीन प्रश्न असतात: हाच अभ्यासक्रम का, अभ्यासातून कशी तयारी झाली, शिक्षणाबाहेर काय केलं. प्रत्येकाला किमान ३५० आणि तिन्ही मिळून जास्तीत जास्त ४००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. तेवढ्या जागेत आजोबांची मेडिकल कॉलेजातली नोकरी कशाला? शिवाय डिसेंबरात मुलाखत असते. समोर अनोळखी आलेख किंवा प्रश्न ठेवतात आणि मुलगी बोलत बोलत विचार कसा करते, चूक दाखवल्यावर वळते का, ते बघतात. पाठांतर तिथे काय कामाचं?

माझ्या भाचीने नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या आजीच्या रक्तातल्या साखरेच्या नोंदी ठेवल्या होत्या, त्यावर अर्जात साधंसं लिहिलं. मेहुण्यांना ते फार किरकोळ वाटलं, त्यांना शाळेची बक्षिसं हवी होती. मी ते बदलू दिलं नाही. मुलाखतीत साखर जेवणानंतर का चढते इथून विषय निघाला आणि ती खुशाल बोलत राहिली. आमचे बाबा पेपर वाचताना आम्हा पोरांना विचारायचे, ‘तुला काय वाटते?’ आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसायचे. भाचीच्या घरीही तीच सवय होती.

तुमच्याकडे तर घरातच डॉक्टर आजोबा आहेत! संध्याकाळी त्यांनी तिला फुटाळा तलावावर न्यावं आणि विचारावं, ताप का येतो? उत्तर सांगू मात्र नये. ती चुकेल, अडेल, पुन्हा सुरू करेल. ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नये’ हे आपल्या घरांतलं वाक्य आता बंद करा, ताई. सतरा वर्षं गप्प बसवलेली मुलगी प्राध्यापकांपुढे एकदम कशी बोलणार?

बाकीचं थोडक्यात. यूकॅट, म्हणजे तिथली मेडिसिनची प्रवेश परीक्षा, जुलै ते सप्टेंबरमध्ये, वर्षातून एकदाच देता येते. तारीख आधी घ्या. अर्ज १५ ऑक्टोबरला संध्याकाळी ६ च्या आत, तिथल्या वेळेनुसार. अर्जातल्या पाच पर्यायांपैकी चारच मेडिसिनसाठी भरता येतात, आणि ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एकच. आजींना ती नागपूरलाच शिकायला हवी असेल, तर एनआरआय मुलांनाही ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावीच लागते, हे त्यांना सांगा. पण आधी लेकीला विचारा.

तुमच्या ह्यांनी लिहिलेला मसुदा आजच बाजूला ठेवा. तिचा झाला की शुद्धलेखन तेवढं बघा, आणि एकही वाक्य सुंदर करायला जाऊ नका.