अनुभवपत्राच्या आशेवर फुकटची ड्यूटी

पत्र : ताई, मी बावीस वर्षांची असून कागलला राहते. गेल्या वर्षी जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा पूर्ण झाला आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही मिळाली. तेव्हापासून कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, नागाळा पार्क अशा सगळ्या भागांत अर्ज देऊन झाले, पण जिथे जावे तिथे अनुभव विचारतात. नोकरीशिवाय अनुभव कुठून आणायचा? माझ्याबरोबरच्या मुलींचीही हीच गत आहे. घरी बसून राहू नये म्हणून आठ महिन्यांपासून बाबांच्या ओळखीच्या डॉक्टरांच्या पंचवीस खाटांच्या रुग्णालयात जाते. पगार नाही, पण वर्ष झाले की अनुभवपत्र देणार आहेत. मागच्या आठवड्यात तिथल्या सिस्टर रजेवर होत्या, तेव्हा मी रात्रपाळी एकटीने सांभाळली. डॉक्टरांनी आजीच्या ऑपरेशनच्या बिलातले बारा हजार कमी केले होते, त्यामुळे बाबा त्यांना फार मानतात. बाबा फाउंड्रीत कामाला आहेत आणि माझ्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता तेच भरतात. हे क्षेत्र सोडून बँकेच्या परीक्षांचा अभ्यास सुरू करू का?
– एक परिचारिका, कागल

चि. मुली,

बँकेच्या परीक्षांविषयी मी काहीही लिहिणार नाही. नोकरी मिळत नाही असे तू म्हणतेस, परंतु तुला नोकरी लागून आठ महिने झाले आहेत, फक्त त्या नोकरीचा पगार तू मागितलेला नाहीस. हे तू पत्रात एका अर्ध्या वाक्यात उरकले आहेस आणि पुढे निघून गेली आहेस. मला मात्र तिथून पुढे जाता आले नाही.

पंचवीस खाटांच्या रुग्णालयात नोंदणीकृत परिचारिका दिवसभर काय करते, हे मला कोणी सांगायला नको. सलाईन लावणे, इंजेक्शने देणे, केसपेपरवर नोंदी करणे, डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना गोळ्या समजावून सांगणे आणि मधल्या वेळात नवा रुग्ण आला तर त्याची खाट लावून देणे, हे सगळे तू करत असणार. त्यावर रात्रपाळीत तू वॉर्ड एकटीने सांभाळलास, आणि ते तू थोड्या अभिमानानेच लिहिले आहेस. शिकायला आलेल्या मुलीला रात्री वॉर्डमध्ये एकटे सोडत नाहीत. डॉक्टरांनी तुला सोडले, म्हणजे तू पूर्ण परिचारिका आहेस हे त्यांना ठाऊक आहे. फक्त महिन्याच्या एक तारखेला त्यांना त्याचा विसर पडतो.

आता ज्या अनुभवपत्रासाठी हे सगळे चालले आहे, त्याची किंमत पाहू. एम्सच्या परिचारिका भरतीसाठीच्या नॉर्सेट परीक्षेला बसायचे असेल, तर जीएनएम झालेल्या उमेदवाराला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. तुझे रुग्णालय पंचवीस खाटांचे आहे, त्यामुळे तिथे तू दहा वर्षे काढलीस तरी त्या परीक्षेसाठी तो अनुभव शून्य धरला जाईल. उद्या आखाती देशांत जावेसे वाटले, तर तिथला परवाना मिळण्यापूर्वी कागदपत्रे पडताळणाऱ्या डेटाफ्लो या कंपनीमार्फत जुन्या रुग्णालयाकडे थेट चौकशी होते, आणि ज्या बाईचे नाव मस्टरवर नाही, जिच्या बँक खात्यात एकदाही पगार जमा झालेला नाही, तिच्याविषयी ते रुग्णालय काय उत्तर देणार आहे? कोल्हापुरातल्या मोठ्या रुग्णालयांतही अनुभवपत्रापाठोपाठ पगाराची पावती मागितली जाऊ शकते. म्हणजे वर्षभर राबून तुझ्या हाती लेटरहेडवरच्या चार ओळी येतील, आणि त्यांच्यामागे दाखवायला एकही कागद नसेल.

यापुढचे थोडे कडवट लागेल. तुझ्याबरोबरच्या मुलींना नोकरी का मिळत नाही, याचे एक कारण तू स्वतः आहेस. त्या रुग्णालयाला एका परिचारिकेची गरज आहे, हे तुझ्या आठ महिन्यांनी सिद्ध केले आहे. तू गेली नसतीस तर डॉक्टरांना कोणाला तरी पगार देऊन ठेवावेच लागले असते, कदाचित तुझ्याच वर्गातल्या एखादीला. शहरात अशा किती मुली अनुभवाच्या आशेवर फुकट ड्यूट्या करत असतील, याचा विचार कर. जिथे जिथे अशी एक मुलगी उभी आहे, तिथे तिथे एक जागा जाहिरातीत यायची राहून गेली आहे, आणि मग तुम्ही सगळ्याजणी मिळून जागाच निघत नाहीत म्हणून हळहळता.

एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस, पण ती विचारल्याशिवाय मला राहवत नाही. त्या रात्री दिलेल्या औषधांच्या नोंदीखाली सही कोणाची आहे? तुझी असेल, तर कागदोपत्री तिथे नसलेल्या बाईने ती केली आहे. रजेवर असलेल्या सिस्टरची असेल, तर प्रकरण त्याहून वाईट आहे. त्या रात्री एखाद्या रुग्णाला चुकीचा डोस गेला असता, तर चौकशीत डॉक्टरांनी तुला ओळखले असते का, याबद्दल मला शंका आहे. तुझा नोंदणी क्रमांक ही तीन वर्षांच्या कष्टाची कमाई आहे आणि तू ती कोणत्याही आधाराशिवाय तिथे टांगून ठेवली आहेस.

राहता राहिला बाबांचा प्रश्न, आणि मला वाटते खरी गाठ इथेच आहे. बारा हजारांच्या उपकाराखाली ते दबले आहेत आणि त्यांच्यामुळे तू दबली आहेस. महिन्याला अवघे दहा हजार धरले, तरी आठ महिन्यांचे ऐंशी हजार होतात. आजीचे बिल तू केव्हाच फेडले आहेस आणि आता डॉक्टरच तुमचे देणे लागतात. शिवाय त्यांनी आजीवर उपचार केले आणि त्याचे पैसे घेतले, थोडे कमी घेतले इतकेच. बाबांबद्दलही मला फार कळवळा वाटत नाही. फाउंड्रीच्या मालकाने आठ महिने पगार न देता पुढे अनुभवपत्र देण्याचा वायदा केला असता, तर ते नवव्या महिन्यात भट्टीसमोर उभे राहिले असते का? स्वतःच्या घामाचा हिशेब त्यांना नीट कळतो, तर लेकीच्या घामाचाही कळायला हवा. भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

तेव्हा तू एकच काम करायचे आहेस. येत्या सोमवारी ड्यूटीला जाताना एक पत्र लिहून न्यायचे. त्यात रुजू झाल्याची तारीख लिही, तेव्हापासून केलेल्या पाळ्या लिही, ती एकटीने केलेली रात्रपाळीही तारखेसह लिही आणि खाली इतकेच मागणे माग : 'माझे नाव मस्टरवर घेऊन मला नेमणूकपत्र द्यावे, येत्या एक तारखेपासून दरमहा वेतन माझ्या बँक खात्यात जमा करावे आणि मागील आठ महिन्यांच्या वेतनाबाबत लेखी कळवावे.' 'कृपया जमल्यास' आणि 'आपल्या सोयीने' असले शब्द त्यात घालू नकोस. पत्राच्या दोन प्रती कर आणि एकीवर पोच म्हणून तारखेसह सही घे. एक तारीख उलटली आणि नेमणूकपत्र मिळाले नाही, तर दोन तारखेला त्या रुग्णालयाच्या दारात तू दिसता कामा नयेस.

आकडा विचारला, तर गडबडू नकोस. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ सालच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे, अशी शिफारस केली होती. ती शिफारस आहे, कायदा नव्हे, आणि तुझे डॉक्टर तेवढे देतील असे मलाही वाटत नाही. परंतु बोलणी वीस हजारांपासून खाली उतरतात की शून्यापासून वर चढतात, यात फार फरक पडतो. किमान वेतनाचा कायदा मात्र रुग्णालयांनाही लागू आहे, आणि त्याच्या खाली उतरण्याची मुभा कोणत्याही ओळखीच्या डॉक्टरांना नाही.

ते रागावतील आणि बाबांना फोन करतील, हे गृहीत धर. अनुभवपत्र देणार नाही असेही म्हणतील. ते पत्र कितपत उपयोगाचे आहे हे आपण वर पाहिलेच आहे. तिथून सुटलेला वेळ पन्नास आणि त्याहून अधिक खाटांच्या रुग्णालयांत थेट मेट्रनना, म्हणजे मुख्य परिचारिकांना, भेटण्यात घाल. त्यांनी अनुभव विचारला, तर आठ महिने काय काय केले ते तोंडाने सांग, पगार मागितला म्हणून ते काम सुटले हेही सांग. चांगल्या मेट्रनला दोन प्रश्नांत कळते की समोरच्या मुलीने वॉर्ड पाहिला आहे की नाही.

तुझी मूळ प्रमाणपत्रे डॉक्टरांच्या कपाटात असतील, तर पत्र देण्याच्या आदल्या दिवशीच, झेरॉक्स काढायच्या आहेत असे सांगून ती घरी आण. आणि सोमवारी बाबांना सोबत नेऊ नकोस.